उठावाची देवनागरी अक्षरे आणि लाकडी फलकाची भूमी

मराठी पाट्यांचा प्रश्न आपल्याकडे बहुतांशी भाषेचा आणि कायद्याचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आस्थापनेचे नाव देवनागरी लिपीत लिहिणे आणि ते अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक केले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षराचा आकार मोजण्याची सोय अशा रीतीने झाली. परंतु अक्षर ज्या पृष्ठावर उभे राहते त्या पृष्ठाचा विचार कायद्याच्या कक्षेत येणारा नव्हे. तो लिपीच्या अभ्यासकाचा विषय आहे, आणि त्यानेच तो करावयास हवा.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक मर्यादित भाग विचारार्थ घेतला आहे. संगणकाच्या आज्ञेनुसार चालणाऱ्या कोरणी यंत्रावर, म्हणजे ज्याला कारखान्यात सरसहा सीएनसी राऊटर म्हणतात त्या यंत्रावर, तयार होणाऱ्या लाकडी फलकांत अक्षरे उठावाची ठेवून भोवतालची भूमी खाली घेतली जाते आणि त्या भूमीला काही एक पोत दिला जातो. हा पोत ठरवण्याची आज रूढ असलेली रीत देवनागरीला मानवणारी नाही, असे आम्हांस वाटते. तसे का वाटते आणि त्याऐवजी काय करता येईल, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

१

प्रथम उठावाचे अक्षर आणि कोरलेले अक्षर यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव या विवेचनासाठी सोयीचे आहे. येथील यादवकालीन देवालये आणि मोकळ्या जागी एकटाच उभा असलेला उंच कोरीव स्तंभ अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. यादवकालीन स्तंभांवर शंकरपाळ्यांच्या आकृती, पाकळ्यांच्या रांगा, वेलपट्ट्या असे जे अलंकरण आढळते ते उठावाचे असते. आकृती पुढे राहते, भोवतालचा दगड मागे सरतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या मागे सरलेल्या दगडाला शिल्पी सहसा स्वतंत्र अलंकार देत नाही. तो त्याला खोली देतो, आणि खोलीमुळे पडणारी सावली हीच त्या आकृतीची भूमी होते.

त्याच काळातील लेख मात्र या रीतीने कोरले जात नसत. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख (इ. स. १२७३ ते १२७७) घेतला, किंवा शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथात एकत्र आणलेले लेख पाहिले, तर त्या काळची सर्वसाधारण पद्धत दिसते ती अक्षर आत खोदण्याची. अशा लेखात दगडाचे पृष्ठ आधीपासून तयार असते. अक्षर म्हणजे त्या पृष्ठातील चर होय. कोरक्याला भूमी घडवावी लागत नाही, ती त्याला मिळालेली असते.

उठावाच्या लेखात हा क्रम उलटतो. दख्खनमधील सुलतानशाहीच्या काळात फारसी व अरबी लेखांच्या निमित्ताने उठावाच्या अक्षरांची पद्धत येथे चांगली रुजली, आणि पुढे मराठेशाहीच्या काळात काही देवनागरी लेखही उठावाचे झाले. या पद्धतीत मूळ पृष्ठ म्हणजे अक्षराचा माथा. भूमी ही मागाहून, कष्टाने, दगड काढून निर्माण करावी लागते. म्हणून खोदलेल्या लेखात भूमी कशी आहे हा प्रश्न गौण असतो, तर उठावाच्या लेखात तो रचनेचा अर्धा भाग होऊन बसतो. फारसी अक्षरलेखकांनी तो ओळखला होता. ते अक्षरांच्या रेषा लांबवून, एकमेकींवर चढवून भूमीचा अवकाश जवळजवळ भरून काढीत. जो उरे त्यात वेलबुट्टी घालीत. विजापूरच्या इब्राहिम रोजात (सुमारे १६२७) तर खिडक्यांच्या जाळीतच अक्षरे गुंफली आहेत. तेथे भूमी मुळी राहिलेलीच नाही. अक्षरांमधून आरपार उजेड येतो.

२

यंत्राने या श्रमाचा हिशेब बदलला. अंकांनी चालविलेल्या यंत्राचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली झाले. आज त्याच तत्त्वावरील यंत्रे फर्निचरच्या कारखान्यांतून घराच्या नावाच्या पाट्या, देवळांचे फलक, संस्थांची बोधचिन्हे कोरीत असतात. हाताने कोरणाऱ्याला भूमी खाली घेण्याचे श्रम पडत, म्हणून तो फलकाचा आकार, अक्षरांची दाटी आणि भूमीचे क्षेत्र यांचा मेळ आधीच घालीत असे. यंत्राला श्रम पडत नाहीत, फक्त वेळ लागतो. परिणामी भूमी वाढली, आणि एवढी मोठी मोकळी जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून तिला पोत देण्याची गरज भासू लागली.

या गरजेला एक तांत्रिक कारणही आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. गोल टोकाचा बिट लाकडावरून शेजारशेजारच्या फेऱ्या मारतो तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये बारीकसा कणा उरतो. बिटाचा व्यास ६ मिलिमीटर आणि दोन फेऱ्यांतील अंतर १ मिलिमीटर असेल तर या कण्याची उंची सुमारे ०.०४ मिलिमीटर भरते. पॉलिश पेपरने ती सहज निघून जाते. तेच अंतर ३ मिलिमीटर केले तर कणा ०.४ मिलिमीटर उंचीचा होतो, म्हणजे सुमारे दसपट. तो डोळ्यांना दिसतो आणि बोटांनाही लागतो. भूमी तुळतुळीत हवी तर फेऱ्या तिप्पट आणि वेळही तिप्पट. कारागीर मग अंतर मुद्दाम वाढवितो आणि उरलेल्या कण्यांनाच पोत म्हणतो. यात लबाडी नाही. हाताने कोरणाराही पटाशीचे टवके भूमीवर राहू देत असे. हत्याराची खूण हा पोताचा सर्वांत प्रामाणिक उगम आहे, असेही म्हणता येईल.

आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर. रचनेच्या आज्ञावलींत आयत्या पोतांचे साठे असतात : आडव्या पन्हळी, उभ्या पन्हळी, ठिपक्यांची पेरणी, चटईची वीण, विटांची रचना, लाटा. कारागीर त्यांतून डोळ्यांना रुचेल तो निवडतो आणि नावाच्या भोवती पसरतो. निवड करताना नाव वाचले जात नाही, आणि लिपी कोणती हेही पाहिले जात नाही.

३

देवनागरीचे दृश्य व्याकरण पाहिले तर तिच्या बहुतेक अक्षरांची उभारणी तीन खुणांच्या आधाराने होते. पहिली आडवी रेघ, म्हणजे शिरोरेषा. दुसरी उभी रेघ, म्हणजे अक्षराचा दंड आणि काना. तिसरी खूण टिंबाची, म्हणजे अनुस्वार. यांपैकी एकही खूण निव्वळ शोभेची नाही. शिरोरेषा अक्षरांना एका शब्दात बांधते आणि जेथे ती तुटते तेथे शब्द संपतो. काना स्वर बदलतो. अनुस्वार असला-नसला तर ‘पंत’ आणि ‘पत’ हे दोन निराळे शब्द होतात.

आता आयत्या पोतांकडे पुन्हा पाहावे. आडव्या पन्हळी म्हणजे शिरोरेषांची पुनरुक्ती. उभ्या पन्हळी म्हणजे कान्यांची रांग. ठिपक्यांची पेरणी म्हणजे शेकडो अनुस्वार. चटईची वीण आणि विटांची रचना यांत पहिल्या दोन्ही खुणा एकदम येतात. थोडक्यात, जे पोत सर्वांत अधिक वापरले जातात ते नेमके देवनागरीला अर्थपूर्ण असलेल्या खुणांचेच बनलेले आहेत. भूमीने अशा खुणा धारण केल्या की ती अक्षराच्या पाठीशी उभी न राहता अक्षराच्या भाषेत बोलू लागते, आणि जे बोलते ते चुकीचे असते. रोमन अक्षरांना ही अडचण एवढ्या प्रमाणात येत नाही. तेथे शब्दाला बांधणारी आडवी रेघ नाही. उभ्या रेघा आणि टिंबे आहेत खरी, परंतु मोठ्या लिपीत लिहिलेल्या पाटीत टिंबही उरत नाही. जो पोत रोमन पाटीवर निरुपद्रवी ठरतो तो देवनागरी पाटीवर तसाच ठरेल, हे गृहीत धरण्यात मूळ चूक आहे.

यावर कोणी म्हणेल की, अक्षरे उठावाची असतात, भूमी खाली असते. मग गोंधळ व्हावा कसा? उंचीतील फरक डोळ्यांना कळतो तो सावलीमुळे, आणि सावली दिवसभर सारखी नसते. चारठाणा साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्याच्या मध्यानंतर आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात तेथे माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. उन्हाच्या समोर असलेल्या भिंतीवरील फलकाचा विचार करू. सूर्य ४५ अंशांवर असताना ६ मिलिमीटर उठावाची शिरोरेषा खालच्या भूमीवर ६ मिलिमीटर सावली टाकते; ६० अंशांवर ती सुमारे १० मिलिमीटर आणि ७५ अंशांवर २२ मिलिमीटर होते. अशा उजेडात आडव्या पन्हळींची प्रत्येक कड आपापली सावली घेऊन उठते. शिरोरेषा त्या गर्दीतील एक रेघ होऊन जाते. उभ्या पन्हळी त्या वेळी जवळजवळ दिसेनाशा होतात, पण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या जाग्या होतात आणि काने त्यांत हरवतात. अर्थात एकाच फलकाचा दोष कोणत्या वेळी दिसेल हे त्याच्या तोंडाच्या दिशेवर अवलंबून आहे. दोष मात्र पोताच्या निवडीत आधीच घालून ठेवलेला असतो.

४

येथवरचे विवेचन एका नावावर तपासून पाहू. समजा, ‘चारठाणा’ एवढेच नाव सागवानी फळीवर उठावाने कोरावयाचे आहे. अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत १०० मिलिमीटर, रेघेची जाडी १४ मिलिमीटर, उठाव ६ मिलिमीटर.

चार अक्षरांच्या या नावात तीन काने आहेत. ‘च’चा दंड आणि त्याचा काना लागोपाठ येतात, तसेच ‘ण’चा दंड आणि त्याचा काना. म्हणजे नावाच्या दोन्ही टोकांना उभ्या रेघांच्या जोड्या आहेत. ‘च’चे पोट बंद, ‘ठ’चे वर्तुळ बंद, आणि ‘ण’चा पेला शिरोरेषेखाली बंद होतो. शिरोरेषेच्या वर मात्र काहीही नाही : अनुस्वार नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, रफार नाही. पायाखालीही उकार नाही.

यावरून काय निघते? उभ्या पन्हळी या नावाला सर्वांत घातक, कारण त्यातील कान्यांच्या जोड्यांना तशाच आणखी जोड्या मिळतील. आडव्या पन्हळीही वर्ज्य, कारण वरचा भाग मोकळा असल्याने शिरोरेषेच्या वरच्या प्रत्येक पन्हळीला शिरोरेषेचा मान मिळेल. परंतु ठिपक्यांचा पोत या नावाला चालेल. नावात अनुस्वार नाही. भूमीवरील ठिपका चुकून वाचला जाण्याचा संभव उरतो तो अगदी शिरोरेषेलगत. ठिपके रेघेच्या जाडीच्या चौथाईहून लहान, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटरच्या आतले ठेवले आणि शिरोरेषेच्या वर थोडी पट्टी साधी सोडली, तर तो संभवही जातो.

हाच पोत तालुक्याच्या नावाला देता येणार नाही. ‘जिंतूर’ या नावात वेलांटी, तिच्यालगत अनुस्वार आणि खाली दीर्घ उकार आहे. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची नावे या दृष्टीने वाचून पाहण्यासारखी आहेत. परभणी, मानवत, पाथरी, पालम, सेलू आणि सोनपेठ यांत अनुस्वार नाही. जिंतूर आणि गंगाखेड यांत तो आहे. पूर्णा या नावात रफार आहे. सोनपेठ नावाच्या शिरोरेषेवर दोन मात्रा उभ्या आहेत. तेथे तिरप्या ठशांचा पोत जपून वापरला पाहिजे. एकाच कार्यालयासाठी या नऊ नावांचे फलक करावयाचे झाले, तर ‘एकसारखेपणा’ साधण्याकरिता सर्वांना एकच पोत देण्याची सूचना हटकून येईल. ती मानली तर काही नावे चांगली वाचली जातील आणि काही अडखळत. एकसारखेपणा हवाच असेल तर तो लाकडाचा, उठावाच्या उंचीचा आणि कडेच्या पट्टीचा असावा. पोत नावागणिक बदलला तरी त्या मेळात उणेपणा येत नाही.

पोताच्या घटकाचे माप हाही असाच नावावरून ठरवण्याचा भाग आहे. ‘ठ’च्या पोटातील पोकळीचा व्यास ३० मिलिमीटर असेल आणि पोतातील लाटेची लांबी ४० मिलिमीटर, तर त्या पोकळीत एक अख्खी लाटही मावणार नाही. आतील तुकडा बाहेरच्या भूमीचा भाग म्हणून ओळखू येत नाही. तो अक्षराचाच एखादा अवयव वाटतो. सर्वांत लहान पोकळीत पोताच्या घटकाची निदान चार-पाच आवर्तने बसली पाहिजेत, म्हणजे आतली भूमी आणि बाहेरची भूमी एकच असल्याचे डोळ्यांना पटते. याच कारणाने फार जाड वळणाची अक्षरे उठावाच्या कामाला अवघड जातात. ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मोदक’ हा टाइप पाहावा. त्यात अक्षराचे पोट जवळजवळ मिटून केवळ फट राहते, आणि तेच त्याचे सौंदर्य आहे. कागदावर ते शोभते. लाकडात त्या फटींत बिट जेमतेम शिरेल. पोताला तेथे जागाच नाही. अशा वळणाला साधी भूमी हाच एक योग्य साथीदार होय.

लाकडाचाही यात वाटा आहे. आडव्या फळीचे रेशे आडवे धावतात. शिरोरेषा रेशांच्या दिशेने जाते म्हणून ती मजबूत राहते. काना रेशांना छेदून उभा असतो, त्यामुळे त्यातील प्रत्येक रेशाची लांबी १४ मिलिमीटरच भरते. धक्का लागला तर कपचा उडतो तो बहुधा कान्याचा किंवा एकट्या पडलेल्या अनुस्वाराचा. म्हणून उठाव रेघेच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक नसावा हे बरे. पोतालाही रेशांचा नियम आहे. रेशांच्या दिशेने काढलेले उथळ चर सागवानाच्या अंगच्या रेषांत मिसळून जातात. रेशांना आडवे काढलेले चर बोथट बिटाने फाटतात आणि त्यांवर रेशांची लव उठते. थोडे तिरपे, आखूड, एकमेकांत विरणारे पटाशीच्या टवक्यांसारखे ठसे लाकडाला सोसतात. ते कोठेही रेघ म्हणून पूर्ण होत नाहीत, म्हणून लिपीलाही सोसतात. मात्र तिरपेपणाही निर्धोक समजू नये. मात्रा तिरपी असते, ‘प्र’मधील रकार तिरपा असतो, पाय मोडण्याची खूणही तिरपीच. ठसा त्यांच्या लांबीचा झाला की तोही वाचला जाऊ लागेल.

५

एक उपाय हल्ली सर्रास केला जातो, त्याचा स्वतंत्र विचार करणे अवश्य आहे. अक्षराच्या कडेने तीन-चार मिलिमीटरची तुळतुळीत पट्टी सोडून त्यापलीकडे पोत सुरू करतात. तत्त्वतः हा उपाय चांगला आहे; अक्षराला श्वास घेण्यास जागा मिळते. परंतु देवनागरीत दोन उभ्या रेघांतील अंतर पुष्कळदा लहान असते. पट्टीची रुंदी त्या अंतराच्या निम्म्याहून कमी ठेवली नाही तर दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात. मग काही ठिकाणी पोत आणि काही ठिकाणी साधी भूमी अशी ठिगळे दिसू लागतात. पट्टीचे माप शिरोरेषेच्या वर मोठे आणि अक्षरांच्या मध्ये लहान ठेवता येते. यंत्राला ते सहज साधते. ते सांगणारा माणूस हवा.

पोत मुळीच नको, भूमी साधीच बरी, असे मत कोणी मांडील तर ते आम्ही अमान्य करणार नाही. मात्र ते सर्वत्र लागू पडणार नाही. साध्या भूमीवर लाकडाची गाठ, सांध्याची रेघ, बिटाने सोडलेला ओरखडा लगेच नजरेत भरतो, आणि ओरखडाही शेवटी रेघच असते. माफक पोत अशा अपघाती रेघांना सामावून घेतो. शिवाय पोत उजेड विखुरतो. पॉलिश केलेली साधी भूमी समोरच्या उजेडात चकाकते आणि अक्षर पुसट होते. खडबडीत भूमी मंद राहते व अक्षराचा गुळगुळीत माथा उठून दिसतो. दुसऱ्या बाजूला, खोल पोतात धूळ साचते आणि उघड्यावरील फलकात पावसाचे पाणी थांबते. मराठवाड्यातील उन्हाळ्याची धूळ पाहता येथे उथळपणा हाच गुण मानावा लागेल. पोताने सौम्य असावे एवढेच तात्पर्य.

बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा जो विस्तृत अभ्यास केला (१९७१), त्याचा विषय मुद्रणाचा होता. कागद ही तेथील भूमी, आणि कागद कोरा असतो हे गृहीत होते. फलकाच्या भूमीबद्दल असे काही गृहीत धरता येत नाही. ती प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवीत असते, आणि आज ती ठरवणाऱ्याच्या पुढे आयत्या पोतांची यादी असते, लिपीचे शास्त्र नसते. ही त्या कारागिराची उणीव मानणे अन्यायाचे होईल. लिपीचे अध्यापन करणाऱ्या विभागांनी पोथी, शिलालेख आणि छापील पान येथवर येऊन थांबावयाचे, आणि गावागावांतील माणसे जी अक्षरे रोज वाचतात ती मात्र अभ्यासाबाहेर ठेवावयाची, ही आमची परंपरा आहे. तिचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

चारठाण्याच्या स्तंभाशी परत जाऊन हे विवेचन संपवितो. त्या घडणीचे अनुकरण फलकावर करावे, असे सुचवावयाचे नाही. दगड निराळा, हेतू निराळा, आणि तेथे वाचावयाचे काही नाही. परंतु त्या शैलीच्या शिल्पींनी आकृतीचा अलंकार आणि भूमीचा अलंकार एकाच घडणीचे केले नाहीत. आकृतीला रेषा दिली, भूमीला सावली दिली. फलकाच्या बाबतीत हाच विवेक पुढीलप्रमाणे सांगता येईल : कोरावयाचे नाव आधी वाचावे, त्यात कोणत्या खुणा आहेत त्यांची नोंद करावी, आणि त्या खुणा भूमीवर येऊ देऊ नयेत. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील पन्नास फलकांचे या कसोटीवर, दिवसाच्या तीन वेळी, निरीक्षण करून ठेवले, तर येथे तर्काने मांडलेले किती टिकते आणि किती बदलावे लागते हे कळेल. तसे निरीक्षण होणे या लेखातील निष्कर्षांच्या मान्यतेपेक्षा अधिक अगत्याचे आहे.